उघाडीचा आडणा

ठाण्यात बाळकुमला माझ्या अकराव्या मजल्यावरच्या घरातून साखरबेट दिसतं. ही जागा घेताना बिल्डरचा पोरगा खिडकी उघडून मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "आंटी, क्रीक व्ह्यू आहे, रेट त्याचाच आहे." मी म्हटलं, "बाळा, त्या खाडीच्या चिखलातून कमरेपर्यंत रुतत आलेय मी. तिचं तोंड मला रोज बघायला लावणार असशील तर भाव कमी कर." त्याला वाटलं म्हातारी मस्करी करते. मी त्याला दोन तास बसवून ठेवला, त्याचं जेवण चुकवलं, आणि भाव कमी करून घेतला. आता रोज सकाळी चहा घेताना ते बेट समोर असतं. कोणी पाहुणा आला तर मी त्याला ते दाखवत नाही. आज लिहायला बसलेय कारण गेल्या आठवड्यात त्या बेटावरून एक माणूस माझ्या दारात येऊन गेला. तो काय घेऊन आला होता ते शेवटी सांगेन. आधी बेट.

बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळू नि माड येतात. आमच्याकडे वाळूचा कण नव्हता. खाडी एका बाजूने डोंबिवलीच्या काठाला नि दुसऱ्या बाजूने ठाण्याच्या काठाला घासत जाते, तिच्या मधोमध पालथ्या सुपासारखं ते पडलेलं. कडेने तिवरांची झाडी, तिच्या आत मातीचा बांध, बांधाच्या आत भातशेती आणि मधल्या उंचवट्यावर चाळीसेक घरं. घरांच्या मध्ये एक विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी असताना त्या एका विहिरीला गोडं पाणी होतं, त्यावरून साखरबेट. अर्धी घरं आगऱ्यांची, अर्धी कोळ्यांची, आणि सगळीच एकमेकांची सोयरी. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वाऱ्यावरून कळायचं. सुकत टाकलेल्या जवळ्याचा वास इतका अंगात मुरलेला, की शाळेत डोंबिवलीची मुलं आमच्या बाकाच्या मागे बसायची नाहीत. शाळेला आम्ही भरतीच्या वेळेप्रमाणे जायचो. पाणी नसेल तर होडी चिखलात, नि होडी चिखलात म्हणजे सुट्टी. मास्तर विचारायचे, "काल का नाही आलीस?" मी म्हणायचे, "पाणी नव्हतं." सगळा वर्ग हसायचा. मी एकदा हसणाऱ्या एकीच्या कानाखाली दिली. मास्तरांनी मला बाहेर काढलं, तर मी भरती येईपर्यंत बाहेरच बसून राहिले.

आमचं घर बेटाच्या टोकाला. बा, आई, मी. माझ्यानंतरची दोन पोरं जगली नाहीत. बाचा खाडीत एक खुंट होता. खुंट म्हणजे पाण्यात रोवलेला जाड सोट. त्याला बोक्षी बांधायची, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. ओहोटीचं पाणी जोरात वाहिलं की त्यात कोळंबी, बोंबील, जवळा आपोआप भरतो. कोणाचा खुंट कुठे ते आजापणजापासून ठरलेलं. आमचा खुंट खाडीच्या ऐन वळणावर, बेटावरचा सगळ्यात चांगला. आजाने जिवंत असतानाच तो थोरल्याला न देता धाकट्याला, म्हणजे बाला दिला, आणि तेव्हापासून माझी आई नि थोरली काकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरला काका बोलायचा, पण दाराबाहेर उभा राहून.

बाला लांबून हाक मारायची सवय होती. होडी धक्क्याला लागण्याआधीच तिवरांच्या पलीकडून ओरडायचा, "यमुनेऽऽ." शेवटचा स्वर तो असा ओढायचा की बगळे उडायचे. मी जिथे असेन तिथून "ओऽ" देऊन टोपली घेऊन पळत सुटायचे. बाकी सगळे मला यमी म्हणत. पुरं नाव फक्त त्याच्या तोंडी होतं. जेवायला बसला की पहिला घास घ्यायच्या आधी माझ्या ताटात माशाचं पोट टाकायचा. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे येतंय ते वाचून तो जन्मापासून वाईट माणूस होता असं कोणाला वाटेल. तो वाईट नव्हता, म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

आता उघाडीचं सांगते. भाताला पावसाचं पाणी हवं, पण जास्तीचं बाहेर जायला हवं, आणि खाडीचं खारं पाणी आत यायला नको. म्हणून बांधाला एका जागी वाट ठेवलेली, तिला उघाडी म्हणत. त्या वाटेवर सागाच्या फळ्यांचं एक झापड वरून टांगलेलं. ओहोटीला आतलं पाणी झापड ढकलून बाहेर जायचं. भरती चढली की बाहेरचं पाणी त्याला दाबून बंद करायचं. बंद होताना धप्प असा आवाज यायचा. दिवसातून दोनदा ते धप्प सगळ्या बेटाला ऐकू यायचं. आमच्याकडे घड्याळ कोणाकडेच नव्हतं. बाया म्हणायच्या, "धप्प झाला, भात टाका." अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की झापड हलू नये म्हणून त्याला बाहेरून खैराचा एक दांडा आडवा घालायचा. तो आडणा. दीड पुरुष लांब, हात लागून लागून काळा, गुळगुळीत झालेला. उघाडी राखायची पाळी घराघरातून फिरायची, पंधरा दिवस एकेका घराची. ज्याची पाळी त्याच्या दाराशी आडणा उभा. पाळी बदलताना दोन्ही घरच्या पुरुषांनी सकाळच्या ओहोटीला उघाडीवर जाऊन झापड डोळ्यांनी बघायचं, मग आडणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. एकदा आडणा घरात आला की पुढचं सगळं त्या घराच्या माथी. गावकीचा नियमही पक्का होता. पाळीवाला नकळत चुकला तर एक हंगाम घर वाळीत. माहीत असून चुकला तर त्याचा खुंट जाणार, कायमचा.

आणि एक गोष्ट होती जी नियमात नव्हती, पण सगळे करत. ज्याची पाळी तो झापडाखाली हळूच एक धोंडा सरकवायचा. वीतभर फट राहायची. भरतीबरोबर त्यातून जिताडा आत शिरायचा. बांधाच्या आतल्या गोड-खाऱ्या पाण्यात तो चरायचा नि मग त्याला धरायचं सोपं. बाहेरचा जिताडा चांदीसारखा पांढरा, आतला पोटाशी पिवळा आणि चवीला असा की त्यापुढे पापलेटला काही किंमत नाही. धोंडा असला की झापड मिटायचं नाही, मग धप्प ऐकू यायचं नाही. त्या दिवशी सगळं बेट बहिरं व्हायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही, कारण पुढच्या पाळीला आपणही तेच करणार असायचो. एवढंच बघायचं की उधाणाच्या आधी धोंडा निघाला पाहिजे.

माझा आजा खाडीत बुडून गेलेला, म्हणून त्याचा म्हाळ पितृपक्षात चतुर्दशीला असायचा. थोरल्या काकाकडे. आजाला जिताडा आवडायचा, तर पितरांच्या पानावर जिताडा हवाच. त्या वर्षी पाळीही थोरल्या काकाची होती. चतुर्दशीला भर दुपारी पाणी चढलं आणि धप्प झालं नाही. आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, परत खाली घातली. मी तेव्हा चौदा वर्षांची असेन.

दुपार कलल्यावर थोरला काका आमच्या दारात आला. एका खांद्यावर आडणा, हातात केळीच्या पानाचा पुडा. बा खुंटावर गेला होता. आई आतून बाहेर आली नाही.

"बापूस कुठं हाय?"

"बोक्षीवर."

"हा घे आडणा. मी शहाडला चाललो, तुझ्या काकीच्या बापाचा म्हाळ हाय उद्या. पानी उतरायच्या आत होरी काढायला पायजे."

"पाळी उद्या सकाळी बदलते," मी म्हटलं. "दोघांनी उघाडी बघायची, मग घ्यायचा."

"लय शानी तू. अगं, भाऊच हाय ना तो माजा? हा घे, तुझ्या आजाचा प्रसाद." त्याने पुडा पुढे केला.

मी पुडा उघडला. शेपटी होती. एवढ्या मोठ्या जिताड्याची शेपटी, जी मांजरालाही द्यायला माणूस लाजेल. आजही कोणी मला शेपटी दाखवून मधल्या तुकडीचा भाव सांगतो तेव्हा कपाळाची तीच शीर उडते. मी पुडा परत त्याच्या हातात ठेवला.

"आडणा नेऊन ठेव तुझ्या दारात."

"यमे!"

"शेपटीवर नाही घेणार. मधल्या दोन तुकड्या दे. पोटाकडच्या."

तो हसायला लागला. मग माझा चेहरा बघून थांबला. होडीची वेळ चुकत होती आणि ते मला कळत होतं. घाई त्याला होती, मला नव्हती. शिव्या देत घरी गेला आणि दोन तुकड्या घेऊन आला. जाड, वीतभर रुंद, कडेला पिवळी चरबी. मी आडणा घेऊन दाराशी उभा केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही.

जाताना थोरला काका मागे वळला. "बापसाला सांग, उघाडीखाली धोंडा हाय. आता पान्याखाली जेलाय, मला निघाला नाय. सकाळच्या ओहोटीला काढायला सांग, मोठा उधान उद्या दुपारी हाय. विसरू नको."

"सांगते."

मी सांगितलं. दिवेलागणीला बा जेवायला बसला. आईने दोन्ही तुकड्या कालवणात टाकल्या होत्या, आंबट चिंच, भरपूर लसूण. एक बाच्या ताटात, एक आम्हा दोघींत. त्याने तुकडी उलटी केली, पिवळं पोट बघितलं आणि दाराशी उभ्या आडण्याकडे बघितलं.

"थोरला देऊन गेला?"

"मी घेतल्या त्याच्याकडून," मी छाती फुगवून म्हटलं. "शेपटी देत होता. आणि बा, उघाडीखाली धोंडा आहे म्हणाला. सकाळच्या ओहोटीला काढायचाय."

बा हसला. पोटाकडचा अर्धा भाग मोडून माझ्या ताटात टाकला. "माझी यमुना उद्या बाजार खाईल," आईला म्हणाला. मग मला म्हणाला, "बघतो सकाली." आणि काटे चोखत बसला. आई समोर होती. हे सगळं तिच्यासमोर झालं.

सकाळी ओहोटीला तो उघाडीवर गेला नाही. उधाणाची ओहोटी म्हणजे बोक्षीला सोन्याचा दिवस. पाणी असं ओढत होतं की खुंट वाजत होता. आधी जाळं बघून येऊ, भरती लागायच्या आत उघाडी करू, असं त्याने ठरवलं असणार. जाळ्यात कोळंबी लागली, भरून लागली. एकदा उपसून परत सोडलं. मलाही तो होडीत घेऊन गेला होता. मी म्हटलं, "बा, धोंडा." तो म्हणाला, "अजून पानी उतरतंय, टाइम हाय." कोळंबी मी टोपलीत भरत होते. मीही दुसऱ्यांदा बोलले नाही.

जाळं सोडवून कोळंबी होडीत घेईपर्यंत भरती चढली होती. दुपारी बेटाच्या दिशेने ओरडा ऐकू आला. आम्ही धक्क्याला लागलो तोवर सगळं झालं होतं. वीतभर फटीतून उधाणाचं पाणी घुसलं, त्याने झापड बिजागरीतून उपटून काढलं, बाजूचा बांध चारपाच हात खचला. पाणी आत येत होतं ते अगदी शांतपणे येत होतं. लोंब्या भरलेलं भात उभंच्या उभं खाली गेलं. बाया बांधावर ऊर बडवत होत्या. पुरुष चिखलाच्या टोपल्या टाकत होते, नि टाकलेला चिखल तसाच वाहून जात होता. उंचवट्यावर विहिरीपर्यंत पाणी चढलं. संध्याकाळी उतरलं तेव्हा एका म्हातारीने पोहरा टाकून पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून दिलं. भात तीन वर्षं होणार नव्हतं. विहीर कधी गोडी होईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी देवळासमोर गावकी बसली. मध्ये आडणा आडवा ठेवलेला. गावकीचा पाटील म्हातारा, कानाने कमी, पण आवाज मोठा. थोरला काका शहाडहून आला होता. त्याने उभं राहून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. धोंडा मी घातला, पोरीच्या हातात आडणा दिला, पोरीला सांगितलं की धोंडा काढायला बापसाला सांग. पन्नासएक वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी त्या देवळासमोर खरं बोलणारा तो एकटा होता.

पाटील माझ्याकडे वळला. "काय गं, सांगतलं याने?"

"सांगितलं."

"मग पालीच्या आधी आडणा घेतलासच कशाला? बापूस घरी नसताना?"

थोरल्या काकाचा पोरगा बाळाराम, माझ्याच वयाचा, मागून ओरडला, "दोन तुकड्यांसाठी घेतला! शेपटी नको बोलली, पोटाकडच्या पायजेत बोलली!" चाळीस घरं हसली. भात बुडालेलं, विहीर गेलेली, आणि तरी हसली. ते हसणं थांबल्यावर पाटलाने बाला विचारलं, "पोर बोलली होती तुला? धोंड्याचं?"

बाने माझ्याकडे बघितलं नाही. पायाला वाळलेला चिखल नखाने काढत होता. माहीत असून चुकला तर खुंट जाणार. नकळत चुकला तर एक हंगाम. मला तेव्हा हे कळलं नाही. आता भाव करता करता आयुष्य गेलंय, तर ते नख मला अजून दिसतं आणि तो मनातल्या मनात काय तोलत होता तेही दिसतं.

"मला कोन काय बोलला नाय," तो म्हणाला.

"बोलले!" मी ओरडले. "जेवताना बोलले! आई होती! आये, सांग ना!"

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. बा उठला, आणि सगळ्या गावकीसमोर माझ्या तोंडात मारली. त्याआधी कधी त्याने मला बोट लावलं नव्हतं. ओठ दातावर फाटला, खारट लागलं.

"विसरली ना?" तो म्हणाला. "बोल, विसरली म्हणून."

"विसरले," मी म्हटलं.

एक हंगाम आम्ही वाळीत. खुंट राहिला.

वाळीत म्हणजे कोणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, होडीत घ्यायचं नाही. हे सगळं आमच्या घराला सोसलं असतं, आमची होडी होती. पण आता पाणी डोंबिवलीच्या काठावरून यायचं, तिथल्या विहिरीवर बेटाची ओळख होती, आणि आमच्या हंड्याला ओळख नव्हती. बाने दोनदा जाऊन बघितलं, तिथल्या बायांनी हंडा पालथा केला. रोज सकाळी गावची पाण्याची होडी धक्क्याला लागायची, कळशा घराघरात वाटल्या जायच्या. वाटणारी ठमीआत्या, बाची चुलत बहीण. चौथ्या दिवशी आईने मला रिकामी कळशी देऊन धक्क्यावर पाठवलं. ती स्वतः आली नाही.

ठमीआत्या माझ्याशी न बोलता दुसऱ्या बाईशी मोठ्याने बोलली. "पानी पायजे असल तर तिने सांगावं, गाव कितीला इकला."

बाया थांबल्या. मी म्हटलं, "दोन तुकड्यांना."

"आयकू नाय आला."

"मी दोन तुकड्यांना गाव विकला."

हसल्या. एक कळशी भरून मिळाली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी आधीच विचारलं, "आत्ये, एकदा बोलले तर एक कळशी. दोनदा बोलले तर?" बाया जोरजोरात हसल्या. ठमीआत्या डोळे पुसत म्हणाली, "दोनदा बोल, दोन घे." मी दोनदा बोलले. मग त्यांना त्याची सवय झाली, मजा येईना, तर मोठ्याने बोलायला लावलं, मग खाडीकडे तोंड करून, जाणाऱ्या होड्यांना ऐकू जाईल असं. दर वेळी मी त्यातून काहीतरी जास्त काढलं. कधी अर्धी कळशी, कधी विस्तव. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळलं होतं, आणि ते कळलं की भाव आपल्या हातात राहतो. पुढे बाजारात ज्यांनी मला गोड बोलून शिकवायचा प्रयत्न केला त्यांना मी मनात हसायचे. माझी शाळा धक्क्यावर झाली होती. पोरं मला दोनतुकडी म्हणायला लागली. बेटावर माझं ते नाव आजही चालू असेल.

घरी ते पाणी सगळे प्यायचे. बा गावकीपासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. माझं नाव तर नाहीच. होडी धक्क्याला लागायची, हाक यायची नाही. मी कान देऊन बसायचे. मग तो टोपली स्वतः घेऊन यायचा, कोपऱ्यात टाकायचा. काही हवं असलं तर आईला सांगायचा, "तिला सांग." एकदा मी दोन कळशा आणून त्याच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, "आज पाच वेळा बोलले. उद्या तू चल. तूही एक तुकडी खाल्लीस." आई "यमे" म्हणाली. बाने तांब्या घेतला, कळशीत बुडवला, पूर्ण प्यायला, आणि तांब्या पालथा घालून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी पूर्ण लागली तेव्हा मी चालत निघाले. डोंबिवलीच्या बाजूचा खाडीचा फाटा ओहोटीला उघडा पडतो. मध्ये पाण्याची एक चिंचोळी धार राहते, बाकी चिखल. धारेपर्यंत गुडघा, धारेत छाती, पुढे कंबर. जाणत्याने फळी घेऊन जावं अशी वाट. माझ्या डोक्यावर दोन साड्यांचं बोचकं. धारेपाशी मागे बघितलं. बांधावर बाया उभ्या होत्या, आई होती. त्यांच्यापासून जरा बाजूला बा उभा होता. त्याचा आवाज खाडीच्या पलीकडे जायचा हे मला माहीत होतं. मी धारेत उतरले नि सगळी वाट, एक पाय काढून दुसरा टाकत, फक्त मागचं ऐकत होते. भरती लागायच्या आत काठावर पोचले. हाक आली नाही.

मानपाड्याला आईची मावशी होती. तिच्या पाटीमागे बसून मी मासळी विकायला शिकले, मग माझी पाटी, मग ओटा, मग गाळे. ते दुसऱ्या प्रकरणात लिहीन. खुंट बाने मरेपर्यंत सांभाळला. तो गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, सात वर्षं राहिली, रोज माझ्या हातचं जेवली. गावकीच्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. शेवटच्या आजारात एकदा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा खुंट होता गं." मी हात सोडवून घेतला आणि तिला औषध पाजलं. साखरबेटाचा माल मी आजही घेते. सगळ्यात शेवटी घेते, बर्फ वितळून भाव पडल्यावर. त्यांना दुसरा एवढा घेणारा नाही.

गेल्या आठवड्यात बेल वाजली. दारात बाळाराम. डोक्याचे केस गेलेले, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लांब काठी. वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं होतं, "मॅडम, एक आदमी लकडी लेके आया है." मी वर पाठवायला सांगितलं. त्याने गोणपाट सोडलं. आडणाच होता. एका टोकाला वाळवी लागलेली.

"उघारी कधीच बुजली," तो म्हणाला. "शेतांत सगली तिवरं. गावकीने ठरवलं, आडना देवलात काचेत ठेवायचा. आनि तुझा सत्कार करायचा. तू येवढी मोठी झालीस."

"आणि माझ्याकडून काय हवंय?"

"तू पन ना." तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला. "आमचा माल जरा आधी घेत जा. बर्फ वितळायच्या आधी." मग गोणपाटाची घडी घालत म्हणाला, "बापूस वारला माझा. जाताना तुझं नाव घेतलान. बोलला, यमीने निरोप दिला असनार. पोर भाव करते, पन विसरत नाय. बोलला, मला तेव्हाच कललेलं."

"गावकीत का नाही बोलला मग?"

"भाऊ होता त्याचा."

मी उठून फ्रीज उघडला. त्या दिवशी सकाळीच गाळ्यावर एक जिताडा आला होता, मी घरी आणून ठेवला होता. पाट घेतला, मधोमध कापला, पोटाकडच्या दोन तुकड्या काढल्या, पेपरात बांधल्या आणि बाळारामसमोर ठेवल्या.

"हे काय?"

"दोन तुकड्या. मधल्या. मोजून घे. आता तो आडणा उचल आणि घेऊन जा."

"यमे, अगं किती वर्षं झाली त्याला."

"म्हणूनच परत करतेय. माझ्या दारात तो ठेवायचा नाही. काचेत ठेवायचा असेल तर खाली लिहा, कोणी धोंडा घातला, कोणाला माहीत होतं, आणि कोण पोरीवर ढकलून बसला. पूर्ण लिहा, मग मालाचं बोलू. तोवर बर्फ वितळल्यावरच."

"बापाचं नाव लिवू तुझ्या? देवलात?"

"माझ्या बापाचं आधी लिही."

तो तुकड्या न घेताच उठेल असं मला वाटलं होतं, तसं झालं असतं तर कदाचित मी दुसरं काही बोलले असते. पण त्याने पुडा उचलला, दाबून बघितला, ताजा आहे का ते बघितल्यासारखा. मग आडणा खांद्यावर घेतला. लिफ्टमध्ये तो उभा मावेना, तिरपा करावा लागला. मी दार लावून घेत होते. लिफ्टच्या आतून, दार मिटता मिटता, त्याने हाक मारली. घराण्याचा गळा तोच, ओढायची पद्धत तीच.

"यमुनेऽऽ."

तोंडात आलेली ओ मी दातांत धरली. लिफ्ट खाली गेली.